सहा गाणी आणि डबलबारी

पावसाळ्यात आमचा धंदा झोपतो. जूनपासून गणपतीपर्यंत कुडाळ-कणकवली भागात साऊंडवाल्याला फारसं कोणी विचारत नाही. जत्रा संपलेल्या, लग्नं आटोपलेली, दशावतारातले राजे आपापल्या शेतात गुडघाभर चिखलात. बॉक्स गोदामात एकावर एक रचायचे आणि आठवड्यातून एकदा सगळे चालू करून गरम करायचे, नाहीतर आतल्या स्पीकरच्या कागदी पडद्याला बुरशी धरते. गरम करायचे म्हणजे काहीतरी वाजवावं लागतं. मागच्या श्रावणात ते काम भाच्याने अंगावर घेतलं आणि टॉमी कीन नावाच्या एका अमेरिकन माणसाची छोटी रेकॉर्ड लावली. साल १९८४. गाणी सहा.

भाचा इंजिनीअरिंगला आहे, गिटार वाजवतो. त्या दिवशी गोदामात त्याची आई, म्हणजे माझी ताई, चहा घेऊन आली होती. पाऊस चुकवायला आमचे एक भजनी बुवा आणि त्यांचे पखवाजी येऊन बसले होते. सहा गाणी वीस-पंचवीस मिनिटांत संपली. पुढचा दीड तास भांडण चाललं.

बुवा म्हणाले, "बरा आसा, पण सगळ्यांची चाल एकच वाटता." पखवाज्याची तक्रार वेगळी, "ढोल खय आसा ह्येच्यात? लांबसून कोण तरी दार वाजवता तसा वाटता." ताईला सूर आवडले, पण "गाणारा तोंडातल्या तोंडात गातो, शब्द कळत नाहीत, तुझ्या बॉक्सचं काही बिघडलंय का?" आणि भाचा लाल होऊन, "मामा, तुम्हाला कळतंय का, हा माणूस किती मोठा होता आणि त्याला कोणी विचारलं नाही!"

गंमत अशी की टॉमी कीन ऐकणारे अमेरिकेतले लोकही चाळीस वर्षं साधारण याच मुद्द्यांवर वाद घालत आलेत. म्हणून म्हटलं, हे नीट उलगडून लिहावं. इंग्रजी गाण्यांशी ज्यांचा संबंध नाही त्यांनाही कळेल, कारण भांडण आपल्याच ओळखीचं आहे. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना, ऐकून पहाटे घरी परतताना जीपमध्ये होतं तेच.

आधी ही छोटी रेकॉर्ड म्हणजे काय ते. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मोठी तबकडी आणली, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची. तीच एलपी. एका बाजूला वीसेक मिनिटं वाजायची. पुढच्याच वर्षी आरसीएने सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी काढली, एका बाजूला एक गाणं. मग लवकरच दोन्हींच्या मधली वस्तू आली, तबकडी सात इंचीच, पण एका बाजूला दोन-दोन गाणी. तिला एक्स्टेंडेड प्ले, म्हणजे ईपी म्हणू लागले. आपल्याकडे एचएमव्हीच्या चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या यायच्या त्या ह्याच. ताईला त्या आठवतात. लग्नात भोंग्यावर वाजणारी चार भावगीतं संपली की तबकडी परत पहिल्यापासून, कारण दुसरी नसायची.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ईपीला वेगळंच महत्त्व आलं. लहान कंपन्या, लहान बँडवाले. स्टुडिओचं भाडं तासावर. दहा-बारा गाण्यांचे पैसे नसत, पाच-सहाचे जमत. ती बारा इंची तबकडीवर घालायची, एलपीपेक्षा स्वस्त विकायची, कॉलेजच्या रेडिओ केंद्रांना पाठवायची. आर.ई.एम. हा पुढे जगभर गाजलेला बँड, त्यांची १९८२ सालची पहिली ईपी पाच गाण्यांची होती आणि ती रेकॉर्ड झाली रेकॉर्डिस्टच्या आई-वडिलांच्या गॅरेजमध्ये केलेल्या स्टुडिओत. माझं गोदाम त्यापेक्षा मोठं असेल. ईपी इतक्या निघायला लागल्या की न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकाने आपल्या वार्षिक समीक्षक-मतदानात त्यांचा वेगळा वर्ग ठेवला. १९८४ सालच्या त्या वर्गात पहिला नंबर आला टॉमी कीनच्या 'प्लेसेस दॅट आर गॉन' या ईपीचा. आमच्या गोदामात वाजली तीच.

म्हणजे समीक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं. तरी आज हे नाव किती जणांना माहीत आहे? त्याच्याकडे येतोच. आधी गणित.

सहा गाण्यांच्या रेकॉर्डमध्ये एक गाणं पडलं तर सहावा हिस्सा गेला. बारा गाण्यांत एक पडलं तर कोणाच्या लक्षातही राहत नाही. शिवाय मोठ्या रेकॉर्डमध्ये गायकाला ऐकणाऱ्याचं मन वळवायला वेळ मिळतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत कंटाळलेला माणूस आठव्याला मान डोलावतो. छोटीत ती सोय नाही. आमच्याकडे हल्ली ट्वेंटी-ट्वेंटी डबलबारीची पोस्टरं लागतात. रात्रभराच्या सामन्यात बुवा पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसता आवाज तापवतात, कोणी हरकत घेत नाही. ट्वेंटी-ट्वेंटीत तेवढ्या वेळात गजर संपलेला असतो. एक गजर फसला की लोक म्हणतात, बुवा आज बसले. रात्रभराच्या बारीत फसला असता तर म्हणाले असते, मधे जरा चहा घेऊन आलो. म्हणून छोट्या रेकॉर्डवरची मतं नेहमी टोकाची असतात. मधलं मत तयार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढी ती चालतच नाही.

कीनच्या ईपीत सहावं गाणं त्याचं स्वतःचं नाही. ते अ‍ॅलेक्स चिल्टनचं. चिल्टन सोळा वर्षांचा असताना १९६७ साली अमेरिकेत पहिल्या नंबरचं गाणं गाऊन बसला होता. पुढे मेम्फिसमध्ये त्याने बिग स्टार हा बँड केला, १९७२ साली पहिली रेकॉर्ड आली, ज्यांच्या हातात पडली ते वेडे झाले, पण ती दुकानांत नीट पोचलीच नाही. वितरणाच्या भानगडीत अडकली. गिटार-पॉप, म्हणजे गिटारींवर उभी असलेली छोटी टुमदार गाणी, करणाऱ्यांचं ते पंढरपूर. आता भांडण हे, की सहाच जागा असताना एक दुसऱ्याच्या गाण्याला का दिली? एक बाजू म्हणते जागा वाया घालवली. दुसरी म्हणते गुरूला नमस्कार केला. आमच्या बुवांचं मत तत्काळ आलं. "नमन केल्याशिवाय बारी सुरू होवची नाय. पण नमन आधी करूचा आसता, शेवटाक नाय." या मुद्द्यावर मी बुवांच्या बाजूला. भाचा नाही.

बुवांचा पहिला आक्षेप, सगळ्यांची चाल एकच, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गिटार-पॉपवर हा आक्षेप सगळेच घेतात. चांगले कान असलेलेही घेतात. त्याचं उत्तर भाच्याने त्याच दिवशी, नकळत दिलं.

तो गिटार घेऊन बसला आणि या जातीच्या गाण्यांत सर्रास वापरतात ती एक पकड त्याने दाखवली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी सगळ्यात खालच्या दोन बारीक तारांवर, तिसऱ्या पट्टीत. ती दोन बोटं तिथेच राहतात. उचलायचीच नाहीत. उरलेली दोन बोटं वरच्या जाड तारांवर जागा बदलतात आणि त्यातून चार वेगवेगळ्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, निघतात. भाचा वाजवत होता आणि बुवांनी पेटी पुढे ओढली. पहिल्या कॉर्डचा मूळ स्वर त्यांना सापडला पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. मग खालचा स्वर सरकला तसे ते बोट ठेवत गेले, पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी तीन. आणि मग त्यांनी त्या न हलणाऱ्या दोन बोटांचे स्वर शोधले. एक निघाला पांढरी दोन, दुसरा पांढरी पाच. बुवा थांबले. पांढरी पाच षड्ज धरला तर पांढरी दोन हा पंचम. म्हणजे खाली चार कॉर्ड काहीही होवोत, वर षड्ज-पंचम अखंड वाजताहेत. "मगे ह्यो तानपुरोच झालो," बुवा म्हणाले.

झालं की. आपण तानपुऱ्याला कधी म्हणतो का, की सगळ्या रागांत हा एकच वाजतो? नाही म्हणत, कारण तो काय काम करतो ते आपल्याला ठाऊक आहे. कान तो बाजूला ठेवतात आणि त्याच्यावर जे हलतं ते ऐकतात. गिटार-पॉप पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे माहीत नसतं. त्याच्या कानात वरच्या तारांचा तो सतत किणकिणता आवाज भरतो, आणि सहाही गाण्यांत तो असतोच. त्याला वाटतं चाल तीच. चाल खाली, गळ्यात आणि जाड तारांत, बदलत असते.

त्यात आणखी एक बारकावा आहे. पांढरी दोनच्या कॉर्डमध्ये, नियमाने पाहिलं तर, एक स्वर यायला हवा तो म्हणजे शुद्ध निषाद. षड्जाकडे ओढणारा स्वर. पण करंगळी तिसऱ्या पट्टीतून हलत नाही, त्यामुळे निषादाच्या जागी षड्जच वाजत राहतो. कॉर्ड लटकलेली राहते. गिटारवाले अशा कॉर्डला 'सस' म्हणतात. घरी पोचायच्या आधीच कोणीतरी घराचं नाव घेतल्यासारखं ते वाटतं. गिटार-पॉपमध्ये जी एक हुरहुर असते, आनंदी चालीतही काहीतरी राहून गेल्याची भावना, तिचा बराचसा भाग अशा लहानसहान युक्त्यांतून येतो. ज्याला ही हुरहुर लागते तो सहा गाणी सहा वेळा ऐकतो. ज्याला लागत नाही त्याला ती सहा मिळून एकच मोठं गाणं वाटतं. दोघंही खोटं बोलत नाहीत.

किणकिणाटाबद्दल अजून एवढंच, की त्याचा मोठा उगम १९६४-६५च्या बारा तारी इलेक्ट्रिक गिटारमध्ये आहे. जॉर्ज हॅरिसनने वाजवली, मग बर्ड्‌स बँडच्या रॉजर मॅग्विनने. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. जाड चार जोड्यांत एक तार खालच्या सप्तकात तर तिची जोडीदारीण वरच्या, आणि शेवटच्या दोन जोड्या एकाच सुरात. पुढच्या पिढ्यांनी साध्या सहा तारांतूनही तोच आवाज काढायचा ध्यास घेतला. कीन त्या वंशातला.

ताईच्या तक्रारीवर मात्र मी बराच विचार केला, कारण ती माझ्या धंद्याची बाब आहे. आपल्याकडे गाणाऱ्याचा माईक सगळ्यांच्या वर. भजन असो, भावगीत असो, आरती असो, मिक्सरवर गायकाची पट्टी सगळ्यात वर आणि वाद्यं खाली. शब्द कळले नाहीत तर लोक साऊंडवाल्याला शोधत येतात. गिटार-पॉपवाले आवाज मुद्दाम गिटारींच्या मधे बसवतात, एका वाद्यासारखा. शब्द अर्धे कळावेत, उरलेले ऐकणाऱ्याने भरावेत, असं त्यांचं चालतं. कीनचा गळाही काही मोठा नव्हता, पातळ, थोडा नाकातला, तरणा. त्या गळ्याला सगळ्यांच्या पुढे उभा केला तर तो उघडा पडला असता असं माझं मत. ताईला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, ज्याला शब्द ऐकवायचे नाहीत त्याने नुसती गिटार वाजवावी. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई आहे, तिच्याशी कोण वाद घालणार.

आता पखवाज्याचा ढोल. त्यासाठी १९८४नंतर काय झालं ते सांगायला हवं.

टॉमी कीन १९५८चा, इलिनॉयमध्ये जन्मलेला, वॉशिंग्टनजवळ मेरिलँडमध्ये वाढलेला. ती ईपी नॉर्थ कॅरोलायनातल्या डॉल्फिन नावाच्या लहान कंपनीने काढली होती. गाजली, म्हणून गेफन या बड्या कंपनीने त्याला उचललं. गेफनसाठीच्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डला त्याने टी-बोन बर्नेट आणि डॉन डिक्सन या निर्मात्यांबरोबर गाणी करून ठेवली. डिक्सन म्हणजे आर.ई.एम.च्या पहिल्या एलपीच्या दोन निर्मात्यांपैकी एक. पण ते रेकॉर्डिंग बाजूला पडलं आणि पुन्हा पहिल्यापासून काम झालं जेफ एमरिकबरोबर, जो बीटल्सचा रेकॉर्डिस्ट होता. १९८६ साली 'साँग्स फ्रॉम द फिल्म' आली. त्यात 'प्लेसेस दॅट आर गॉन' हे गाणं नव्याने, मोठ्या खर्चात, पुन्हा रेकॉर्ड केलेलं होतं.

तेच गाणं, तोच गायक, दोन आवाज. यावरून त्याचे श्रोते उभे फाटले ते आजतागायत. ईपीवाले म्हणतात, पहिल्यात जीव आहे, दुसऱ्याला पॉलिश मारलंय. एलपीवाले म्हणतात, पहिलं म्हणजे कच्चा मसुदा, गाणं खरं उभं राहिलं ते दुसऱ्यात.

त्या काळात बड्या कंपन्यांच्या रेकॉर्डमध्ये ड्रमचा आवाज अवाढव्य करायची फॅशन होती. त्यातली सर्वात प्रसिद्ध युक्ती लंडनमध्ये १९८०च्या सुमारास ह्यू पॅजम या रेकॉर्डिस्टच्या आणि फिल कॉलिन्सच्या हातून सापडली. ड्रम मोठ्या दगडी खोलीत वाजवायचा, खोलीची घुमारी माईकमध्ये घ्यायची, ती दाबून फुगवायची आणि मग विरायच्या आत कापून टाकायची. आवाज येतो 'धाप्प', आणि पुढे एकदम शांतता. मंगल कार्यालयात कोणीतरी टाळी वाजवावी आणि घुमायच्या आत दार लावून घ्यावं, तसं. ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या गाण्यांवर या आवाजाची सावली आहे. ईपीत ते काही नाही. छोट्या खोलीतला साधा ड्रम, म्हणून आमच्या पखवाज्याला तो लांबून दार वाजवल्यासारखा वाटला. पखवाजाच्या धुमाला मी दोन-दोन अठरा इंची बॉक्स लावतो. त्या कानांना तो ड्रम कसा पुरणार?

मी त्यांना दोन्ही रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकवली, कोणतं कोणतं न सांगता. पहिल्या फेरीत चारांपैकी तिघांनी १९८६चं निवडलं, भाचासुद्धा, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग माझ्या लक्षात आलं की घोळ मी घातलाय. दुसरी फाईल मुळातच जास्त मोठ्याने वाजत होती आणि मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, तशीच ठेवली होती. या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर ही चूक करायची म्हणजे कमाल. कानाचा स्वभाव असा आहे की दोन गोष्टींत जी किंचित मोठी असते ती त्याला 'चांगली' वाटते. मोठी आहे हे कळतही नाही, नुसतं वाटतं की ही स्वच्छ आहे, भरीव आहे. म्हणून एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्यांची तुलना करताना आधी आवाज बरोबरीचा करावा लागतो. तो केला आणि परत लावलं. दोन विरुद्ध दोन. भाचा ईपीकडे परतला, ताई आधीपासून तिथेच होती. बुवा आणि पखवाजी मोठ्या ड्रमवर ठाम. बुवा म्हणाले, "तुमच्या त्या पयल्यात इको खय आसा?" हे मला माहीत होतं. बुवांना इको नसलेलं काहीच आवडत नाही. दर बारीला हात वर करून खुणावतात, "जरा इको वाढय मरे."

आणि मोबाईलचं सांगायचं राहिलं. भाच्याने ही रेकॉर्ड आधी मित्रांना फोनवर ऐकवली होती, त्यांनी टिणटिण म्हणून सोडून दिली. फोनचा स्पीकर केवढा, बोटाच्या पेराएवढा. बास गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण एकेचाळीस कंपनं करते. तो स्वर फोनमधून बाहेर पडतच नाही, पडतात ते त्याच्या वरच्या कंपनांचे तुकडे. गिटार-पॉपमध्ये वरच्या तारा किणकिणत असतात आणि गाण्याला चालवते बास. बास काढून घेतली की उरतं ते टिणटिणच. फोनवर ऐकून दिलेलं मत हे फोनबद्दलचं मत असतं. निदान हेडफोन लावा.

१९८६च्या एलपीने बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, दोनशेच्या यादीत शिरकाव केला, पण बराच खाली. त्याच वर्षी गेफनने त्याची आणखी एक छोटी रेकॉर्ड काढली, 'रन नाऊ'. तिच्यात बर्नेट-डिक्सन यांच्याबरोबरची, मागे बाजूला पडलेली गाणी वापरली होती. इथे भांडण अजून तापतं. एका गटाला ही शिळ्या कढीला ऊत आणल्यासारखी वाटते. मोठ्या रेकॉर्डमधून उरलं ते ताटात वाढलं. दुसरा गट म्हणतो, पॉलिशच्या आधीचा कीन इथेच आहे, हीच खरी वस्तू. मला या दुसऱ्या गटाचं थोडं पटतं. बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त लागतं हे कोकणात कोणाला सांगायला नको. पण कालचं तिखलं आणि कालचा भात यात फरक असतो, आणि उरलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डमध्ये दोन्ही एकाच ताटात येतात. छोट्या रेकॉर्डला लोक हा प्रश्न नेहमी विचारतात, ही मुद्दाम एवढी केली की एवढीच झाली? १९८४ची ईपी मुद्दाम एवढी होती. 'रन नाऊ'बद्दल तसं म्हणवत नाही. ती ऐकताना मनात चौकशी चालूच राहते.

मग त्याला कोणी विचारलं का नाही? भाच्याला वाटतं अन्याय झाला. मला वाटतं बरीचशी वेळ चुकली. तो सिंथेसायझरचा जमाना होता, रेडिओला चकाकी हवी होती. गिटारी घेऊन तीन मिनिटांची टुमदार गाणी लिहिणारा माणूस वीस वर्षं उशिरा किंवा दहा वर्षं लवकर आल्यासारखा होता. शिवाय तो लक्षात राहील असा चेहराही नव्हता, तो गाणी लिहिणारा आणि उत्तम गिटार वाजवणारा होता. पुढे पॉल वेस्टरबर्ग, मॅथ्यू स्वीट या गायकांच्या बँडमध्ये त्याने साथीची गिटार वाजवली, रॉबर्ट पोलार्डबरोबर २००६ साली एक जोड-रेकॉर्ड केली, स्वतःच्या रेकॉर्ड काढत राहिला. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये झोपेतच गेला, एकोणसाठ वर्षांचा.

पण 'उपेक्षित' हा शिक्का बसल्यावर ऐकण्यात एक गडबड होते. तुम्ही कोणाला सांगितलंत, "हा फार मोठा माणूस, जगाने ओळखला नाही," की तो माणूस गाणं ऐकणं सोडतो आणि निकाल द्यायला बसतो. सहा गाणी म्हणजे सहा साक्षीदार. पहिल्या दोन गाण्यांत दिव्य काही दिसलं नाही तर म्हणतो, मग जगाचं काय चुकलं? आणि चाहता तर वकील झालेला असतोच, त्याला सहातलं एक गाणं साधारण आहे हे कबूल करवत नाही, कारण कबूल केलं तर केसच गेली. आमच्याकडे प्रत्येक वाडीत असा एक बुवा असतो, मुंबईत असता तर कुठच्या कुठे गेला असता असा. त्याची बारी मी पन्नास वेळा वाजवलीय. काही रात्री तो खरंच थोर असतो. काही रात्री नसतो. पण त्याच्या वाडीतल्या माणसासमोर हे बोलायची सोय नाही. भाच्याने मला ती रेकॉर्ड काहीही न सांगता लावून दिली असती तर आमच्यातले दोघं तरी गुपचूप मान डोलावत बसले असते असं मला अजून वाटतं.

ताईचं मात्र मत त्या दिवशी बदललं, आणि ते माझ्या मिक्सरमुळे नव्हे. जाताना तिने विचारलं, त्या दोनदा लावलेल्या गाण्याचं नाव काय म्हणालास? भाच्याने अर्थ सांगितला, आता नसलेल्या जागा. ती जरा वेळ उभी राहिली. शाळेत जाताना ती ज्या थांब्यावर चाळीस वर्षं एसटीची वाट बघायची, तिथलं वडाचं झाड आणि त्याखालची चहाची टपरी हायवे चौपदरी झाला तेव्हा गेली. आता तिथे उड्डाणपुलाचा खांब आहे. म्हणाली, "मग त्या माणसाने शब्द जरा मोठ्याने म्हणायला काय हरकत होती?"

ऐकायचं असेल तर २०१० साली आलेलं 'यू हिअर मी' हे त्याच्या निवडक गाण्यांचं संकलन सोयीचं आहे. पण भांडण करायचं असेल तर ईपीच ऐका, सलग, मधे फोन न बघता, आणि मग एलपीतलं तेच गाणं लावा. आवाज बरोबरीचा करायला विसरू नका.

गणपतीत पहिलीच डबलबारी लागली कुडाळजवळच्या एका गावात. साऊंड चेकच्या वेळी मी गंमत म्हणून ईपीतलं ते गाणं सोडलं. बुवा स्टेजवर पेटी लावत होते. त्यांनी पांढरी पाच दाबून ठेवली, गाणं संपेपर्यंत दाबून ठेवली, आणि मग माझ्याकडे बघून हात वर केला. इको वाढवायचा होता.